गर्भपिशवीच्या अस्तराची बायोप्सी वाचणाऱ्या नव्या पॅथॉलॉजिस्टांसाठी

एमडी पॅथॉलॉजी झालं आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात एकट्याने रिपोर्टवर सही करायला येताय ना, मग एक ऐका. एंडोमेट्रियमचा, म्हणजे या अस्तराचा, तुकडा आला की मायक्रोस्कोपकडे वळायच्या आधी फॉर्म वाचा, आणि तो कोरा असेल (असतोच) तर सरळ गायनॅकना फोन लावा. वय, शेवटची पाळी, गोळ्या, आधीचं अबॉर्शन, एवढं तरी विचाराच.

कारण इथे गणपती आले की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या बऱ्याच घरांत घेतल्या जातात, आणि "गोळ्या चालू आहेत का" विचारलं तर बाई नाही म्हणते, कारण त्या तिला औषध वाटतच नाहीत. ती नॉरएथिस्टेरॉन असते, म्हणजे प्रोजेस्टेरॉनच्याच कुळातली, त्यानंतर ग्रंथी सुकलेल्या नि स्ट्रोमा (ग्रंथींमधला आधाराचा थर) फुगलेला दिसतो, आणि अटिपिया, म्हणजे पेशींचं विचित्र रूप, असलाच तर तोही झाकला जाऊ शकतो. हायपरप्लेजियात, म्हणजे अस्तर जास्त वाढतं त्यात, तर सगळं त्या अटिपियावरच आहे. डब्ल्यूएचओने 2014 पासून दोनच गट ठेवलेत, अटिपिया नसलेला आणि असलेला. नसलेल्यात 20 वर्षांत कॅन्सरचा धोका 5 टक्क्यांहून कमी, असलेल्यात मात्र पिशवी काढल्यावर बऱ्याच जणींत कॅन्सर आधीच आत सापडतो.

आता दुर्मिळ प्रकार. एरियास-स्टेला रिअॅक्शन, 1954 साली पेरूच्या हावियेर एरियास-स्टेलांनी सांगितलेली, न्यूक्लियस एवढे मोठे नि काळे की क्लिअर सेल कार्सिनोमाच (एक कॅन्सर) लिहावंसं वाटतं, पण असतं गर्भारपण, कधी गर्भनलिकेतलं. तरुण बाई असेल तर बीटा-एचसीजी (गर्भारपणाची रक्ततपासणी) झालंय का ते विचारल्याशिवाय कॅन्सर लिहू नका. अस्तरात हाड सापडलं तर घाबरायचं नाही, बहुतेक वेळा जुन्या अबॉर्शनचं असतं.

खरी भीती मला इक्थिओसिस युटेरायची वाटते. म्हाताऱ्या बाईच्या पिशवीत पू साठलेला, जुनी जळजळ, आणि अख्ख्या अस्तराच्या जागी स्क्वॅमस, म्हणजे त्वचेसारख्या चपट्या पेशींचा, थर. क्युरेटिंगमध्ये (खरवडून काढलेल्या तुकड्यांत) नुसतं साधं स्क्वॅमस दिसलं की सर्व्हिक्सचा (पिशवीच्या तोंडाचा) तुकडा आला असेल म्हणून आपण मोकळे होतो, पण याच्याखाली स्क्वॅमस कॅन्सर असू शकतो आणि वरवरच्या तुकड्यात तो दिसेलच असं नाही. अशा वेळी रिपोर्टच्या खाली स्पष्ट लिहा, सोनोग्राफीशी ताडून बघा, पुन्हा सॅम्पल पाठवा. गायनॅक कुरकुरतील, कुरकुरू देत.