भाच्याच्या पीसीतला चोरटा मायनर

काहीही न उघडता भाच्याच्या पीसीचा पंखा घोंगावत होता. आत मायनर, म्हणजे पीसीची ताकद चोरून आभासी चलन कमावणारा प्रोग्राम, लपला होता. चालू प्रोग्राम दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला की शांत, बंद केला की पुन्हा सुरू! विंडोजच्या डिफेंडर या अँटिव्हायरसला काही सापडेना, कारण क्रॅक्ड (कुलूप तोडून फुकट वाटलेल्या) गेमच्या इन्स्टॉलरने अख्खा सी ड्राइव्ह एक्सक्लूजनमध्ये, म्हणजे न तपासायच्या यादीत, टाकला होता. 2021 मध्ये उघडकीस आलेला क्रॅकोनॉश हा मायनरही अशाच गेममधून शिरून मोनेरो हे आभासी चलन खणायचा.

स्कॅनवर विसंबलो नाही. दुसऱ्या लॅपटॉपवर पेनड्राइव्ह बनवला, सगळी पार्टिशन्स उडवून विंडोज नव्याने टाकलं. फोनवरून पासवर्ड बदलले, सगळीकडून लॉगआउटही केलं. कारण लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या कुकीज चोरीला गेल्या, तर चोराला पासवर्ड लागत नाही.

"मामा, व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे पीसीच्या आतल्या वेगळ्या आभासी पीसीत, खेळलो तर?" अरे, शेअर्ड फोल्डर चालू असला तर रॅन्समवेअर (फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम) तिथूनही मूळ फाइल्सपर्यंत पोचतं. शिवाय जड गेम तिथे रखडतात. शेवटी सेलमध्ये विकतच घेऊन दिला.