पहिला शेअर घ्यायचाय? आधी पडद्यावरचे पाच भाव वाचा

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. बँकेतून निवृत्त झाल्यापासून माझ्या भिशीतल्या मैत्रिणी विचारतात, "ताई, शेअर घ्यायचा तरी कसा?" मी म्हणते, एकच घ्या, पण बाजार कसा चालतो ते बघत घ्या.

पॅन, पत्त्याचा पुरावा, बँक खातं आणि सेबीकडे (शेअर बाजारावर देखरेख करणारी संस्था) नोंदणी असलेला ब्रोकर, म्हणजे दलाल, एवढं असलं की शेअर ठेवायचं डीमॅट आणि सौदे करायचं ट्रेडिंग खातं उघडतं. नॉमिनीचं नाव त्याच दिवशी घाला.

बाजार सव्वानऊला उघडतो, साडेतीनला बंद होतो. लगेच ऑर्डर टाकू नका. ॲपमध्ये 'मार्केट डेप्थ' उघडा. एका बाजूला घेणाऱ्यांचे पाच भाव, दुसऱ्या बाजूला विकणाऱ्यांचे. समजा, घेणारा २४१.५० द्यायला तयार आहे आणि विकणारा २४१.६० मागतोय. तुम्ही २४१.५५ची लिमिट ऑर्डर, म्हणजे 'याहून जास्त देणार नाही' अशी ऑर्डर, टाकलीत की घेणाऱ्यांच्या रांगेत तुम्ही पहिल्या. आणखी कुणी तोच भाव लावला तरी तो तुमच्या मागे. चांगला भाव आधी, भाव सारखा असेल तर आधी आलेला आधी. तिथे पेन्शनर आणि कोट्यधीश एकाच नियमात. मला एक्स्चेंजचं, म्हणजे शेअर बाजाराचं, सगळ्यात मोठं काम हेच वाटतं. मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाची ऑर्डर, मात्र सुरुवातीला टाळा. उलाढाल कमी असलेल्या शेअरमध्ये ती भलत्याच भावाला लागू शकते.

सौदा झाला की समोरचा कोण हे कळत नाही, कळायची गरजही नाही. मध्ये क्लिअरिंग कॉर्पोरेशन उभं असतं. समोरच्याने पैसे किंवा शेअर दिले नाहीत तरी तुमचा व्यवहार पुरा करायची जबाबदारी या कॉर्पोरेशनवर. सौद्यानंतरच्या लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी शेअर डीमॅटमध्ये. पूर्वी शेअर कागदावर असायचे; माझ्या वडिलांचं शेअर सर्टिफिकेट सही जुळत नाही म्हणून दोनदा परत आलं होतं. जेवणाच्या टेबलावर कोऱ्या कागदावर ते सह्या गिरवत बसायचे, ते अजून डोळ्यांसमोर आहे. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजवर १९९४ साली संगणकावर सौदे सुरू झाले, १९९६ साली शेअर कागदाऐवजी संगणकावर सांभाळणारी एनएसडीएल ही संस्था आली, आणि हळूहळू तो कागद गेला.

आता मैत्रिणींचा नेहमीचा प्रश्न: "आपले पैसे कंपनीला मिळतात का?" या सौद्यात नाही, ते विकणाऱ्याला मिळतात. कंपनीला मिळतात ते आयपीओत, जेव्हा ती नवे शेअर काढते. त्यातून कारखाना उभा राहतो, कर्ज फिटतं. पण उद्या विकता येणार नसेल तर आयपीओत पैसे घालेल कोण? रोजची खरेदी-विक्री देशाच्या उद्योगाला उपयोगी पडते ती अशी. सयाजीराव महाराजांनी १९०८ साली आपल्या गावात काढलेली बँक ऑफ बडोदासुद्धा १९९६ साली आयपीओ घेऊन बाजारात आली. तिचाच डेप्थ उघडून बघा. घ्या म्हणत नाही, वाचायचा सराव म्हणून.

शेवटचं काम विसरू नका. ब्रोकरची कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे सौद्याची पावती, ईमेलवर येते. भाव, संख्या, दलाली, एसटीटी (सौद्यावरचा सरकारी कर) ताडून बघा. शेअर जमा व्हायच्या दिवशी संध्याकाळी ब्रोकरच्या ॲपवर न थांबता एनएसडीएल किंवा तिच्यासारख्याच सीडीएसएलच्या, तुमचं डीमॅट जिथे असेल तिच्या, स्वतःच्या लॉगिनमध्ये जा आणि तिथे तुमच्या नावावर तो एक शेअर दिसतोय का, ते बघा.