एफएसओ लिंक १ वरून १० गिगाबिटवर नेताना या चुका टाळा

एफएसओ म्हणजे तारेशिवाय, मोकळ्या हवेतून लेझरने डेटा पाठवणे. गच्चीवरून गच्चीवर, साधारण १ किलोमीटर, १ गिगाबिटची अशी लेझर लिंक वर्षभर नीट चालते. मग १० गिगाबिटचे मॉड्यूल (प्रकाश पाठवणारा-घेणारा भाग) बसवतात आणि दुपार झाली की पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, गळू लागतात. संशय लेझरवर जातो, पण दोष बहुतेक वेळा समोरच्या टोकाला, रिसीव्हरच्या भिंगामागे असतो.

चूक १: फक्त मॉड्यूल बदलणे

प्रकाशाचा विद्युत सिग्नल करणाऱ्या डिटेक्टरचे क्षेत्रफळ वाढले की कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) वाढतो आणि वेग पडतो. म्हणून १ गिगाबिटला २०० मायक्रॉनचा डिटेक्टर चालतो, तर १० गिगाबिटला तो ५० मायक्रॉनच्या आसपास घ्यावा लागतो. ३०० मिमी नाभीय अंतराच्या भिंगामागे २०० मायक्रॉन म्हणजे ०.६७ मिलीरेडियनचे दृष्टिक्षेत्र, ५० मायक्रॉनला ते ०.१७ उरते. प्रकाश थेट सिंगल-मोड फायबरमध्ये, म्हणजे अतिशय बारीक गाभ्याच्या काचतंतूत, घ्यायचा असेल तर अवघे ०.०३. खांबाची एक बाजू उन्हाने तापून तो किंचित कलला, तरी प्रकाशाचा ठिपका डिटेक्टरवरून सरकतो.

शिवाय दर बिटमागे तेवढेच फोटॉन हवे असतील तर दहापट, म्हणजे १० डीबी जास्त प्रकाश लागतो (डीबी, डेसिबल: दर १० डीबीला दहापट फरक). तो आणायची खरी जागा बीमची रुंदी आहे. १ मिलीरेडियनचा बीम १ किलोमीटरवर १ मीटर पसरतो आणि १० सेंमीच्या भिंगात त्याचा शंभरावा भाग येतो: २० डीबी तोटा. बीम ०.३ मिलीरेडियनवर आणला की ठिपका ३० सेंमीचा होतो आणि तोटा ९.५ डीबीवर येतो. मात्र इतक्या अरुंद बीमला ऑटो-ट्रॅकिंग हवेच: वेगाने हलणारा आरसा आणि चार भागांचा पोझिशन सेन्सर. खांब पत्र्याच्या शेडवर किंवा टाकीच्या स्टँडवर नको, आरसीसी कॉलमवर अँकर बोल्टने आवळा.

चूक २: सकाळी टेस्ट करून काम संपवणे

सूर्योदयानंतर थोडा वेळ आणि सूर्यास्ताच्या आधी हवा सर्वांत शांत असते, भर दुपारी सर्वांत अस्थिर. तापलेल्या गच्चीला किंवा पत्र्याला घासून जाणारा बीम तर फारच थरथरतो. या थरथरीने सिग्नलमध्ये पडणारे खंड काही मिलिसेकंदांचे असतात. १० गिगाबिटला १ मिलिसेकंदात १ कोटी बिट जातात, पण मॉड्यूलमधले पॉवर रीडिंग सरासरी दाखवत असल्याने ते छान उणे १८ डीबीएमवर (१ मिलीवॉटच्या तुलनेत डीबी) स्थिर दिसते. त्यावर भिस्त ठेवू नका, एरर काउंटर पाहा आणि टेस्ट सलग २४ तास चालवा.

उपाय दोन. १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या लेझरला १ किलोमीटरवर चमचमाटाचे, म्हणजे अस्थिर हवेमुळे उजळ-अंधुक होणाऱ्या प्रकाशाचे, ठिगळ सुमारे ४ सेंमीचे असते, म्हणून भिंग त्याच्या दुप्पट-तिप्पट घ्या. आणि एरर करेक्शनला काही मिलिसेकंदांचा इंटरलीव्हर (बिटचा क्रम विखरून सलग चुका पसरवणारा भाग) जोडा, कारण नुसते एरर करेक्शन लांब खंडापुढे टिकत नाही.

चूक ३: एकाच ॲम्प्लिफायरवर तरंगलांबी वाढवत जाणे

प्रत्येक तरंगलांबी म्हणजे एक वेगळा चॅनेल. १०० मिलीवॉटचा ॲम्प्लिफायर (प्रकाशाची पॉवर वाढवणारा भाग) ८ चॅनेलमध्ये वाटला की प्रत्येकाला १२.५ मिलीवॉट, म्हणजे ९ डीबी कमी. चॅनेल एकत्र करायला मक्सऐवजी (तरंगलांबीनुसार चॅनेल जोडणारा भाग) स्वस्त, साधा १:८ कपलर वापरला तर तिथेही ९ डीबी जातात. डोळ्यांच्या सुरक्षेचा वर्ग मात्र सगळ्या चॅनेलच्या एकूण पॉवरवरून ठरतो, त्यामुळे पॉवर मनमानी वाढवता येत नाही. प्रकाशावर बिट चढवण्याच्या पद्धतीत क्यूपीएसकेवरून (एका वेळी २ बिट) १६-क्यूएएमवर (४ बिट) गेलात तर क्षमता दुप्पट होते, पण सिग्नल-नॉइज गुणोत्तर सुमारे ७ डीबी जास्त लागते. मार्जिन (हाताशी राखीव पॉवर) नसेल तर त्यापेक्षा चॅनेल दुप्पट करणे बरे, त्यात प्रत्येकाची पॉवर ३ डीबीच घटते.

चूक ४: पावसाळा आणि धुके गृहीत न धरणे

ताशी १०० मिमीच्या सरीत, म्हणजे कोकणात आणि मुंबईत येणाऱ्या धुवाधार पावसात, घट किलोमीटरला २३ डीबीच्या घरात जाते. धुक्याने दृश्यमानता २०० मीटर झाली की किलोमीटरला ८५ डीबी. इतक्या दाट धुक्यात ८५० आणि १५५० नॅनोमीटरमध्ये फरक उरत नाही. त्यामुळे रेडिओ बॅकअप ठेवा, पण विचार करून: ८० गिगाहर्ट्झला धुके त्रास देत नाही, पाऊस देतो. आपल्याकडे कमी फ्रिक्वेन्सीची, उदाहरणार्थ ५ गिगाहर्ट्झची, कमी वेगाची लिंक जास्त उपयोगी. लिंक रेडिओ बॅकअपवर वळली की आधी कोणती ट्रॅफिक जाईल, हे स्विचमध्ये आधीच ठरवून ठेवा.

उलट स्वच्छ हवेत, कमी अंतरावर, जादा प्रकाशानेही एरर येतात. एपीडी (अतिसंवेदनशील डिटेक्टर) असलेले ८० किलोमीटर क्षमतेचे मॉड्यूल साधारण उणे ७ डीबीएमच्या वर ओव्हरलोड होते, म्हणून पहिल्यांदा जोडताना अटेन्युएटर (प्रकाश कमी करणारा भाग) लावूनच पॉवर मोजा.