वर्गातले कंपू फोडायचे कसे: जिगसॉ पद्धतीचा एक धडा

पोषण आहाराच्या वेळी कोण कोणाजवळ ताट घेऊन बसतं आणि खो-खोच्या संघात कोणाचं नाव शेवटी घेतलं जातं, एवढं आठवडाभर पाहिलं तरी वर्गातले कंपू कळतात. त्यावर बाकांची अदलाबदल हा नेहमीचा उपाय, पण तो सहसा पुरत नाही. सामाजिक मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ यांनी १९५४ साली अमेरिकेत ओक्लाहोमातल्या एका शिबिरात २२ मुलांचे दोन गट करून त्यांच्यात चुरस लावली. वैर वाढल्यावर त्यांना एकत्र जेवायला बसवलं, तर मुलांनी एकमेकांवर अन्न फेकलं. शिबिराचं पाणी बंद पडलं, ट्रक सगळ्यांनी मिळून ओढावा लागला, तेव्हा कुठे ती हळूहळू जवळ आली. म्हणजे मुलांचं एकमेकांवाचून अडलं पाहिजे.

हे अडणं धड्यातच बसवायची पद्धत म्हणजे जिगसॉ: धड्याचे तुकडे करायचे, गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा द्यायचा आणि त्याने तो बाकीच्यांना सांगायचा. मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ती १९७१ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत वापरली. गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं तिथे नुकतीच एका वर्गात आली होती, आणि वातावरण तापलेलं होतं.

तयारी

तीस मुलं असतील तर पाच-पाच जणांचे सहा मूळ गट करा. हजेरीच्या क्रमाने गट पाडू नका. बऱ्याच शाळांत पटावर आधी मुलगे, मग मुली असतात. जनरल रजिस्टरमधली जात बघूनही पाडू नका, मुलांना ते लगेच कळतं. निरीक्षणातून जे कंपू दिसले तेच फोडा. कट्टर वैरी आणि जिवलग मित्र पहिल्या फेरीत एका गटात नकोत. गटांना ‘वाघ’, ‘सिंह’ अशी नावं देऊ नका, फळ्यावर गुणही मांडू नका. मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांच्या १९७० च्या इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या प्रयोगात ‘तुला अमुक चित्रकार आवडतो’ एवढ्यावर पाडलेल्या गटांतली मुलंही, स्वतःच्या गटाचं थोडं नुकसान सोसून दुसऱ्या गटाला कमी मिळेल असं बघत होती.

धडा पाठ्यपुस्तकातला नको. सगळा मजकूर समोर असेल तर शेजाऱ्याचं कोण ऐकेल? उदाहरणार्थ, १९७२ चा दुष्काळ घ्या. त्याचे पाच भाग: पाऊस आणि पिकं; पिण्याचं पाणी; गुरं आणि चारा; खडी फोडण्यापासून पाझर तलावापर्यंतची कामं आणि रोजगार हमी; सुकडी (दुष्काळात वाटलेला कोरडा पोषक आहार) आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी. प्रत्येक भाग १२० ते १५० शब्दांचा, एकाच कागदावर आणि स्वतंत्रपणे कळेल असा लिहा.

प्रत्यक्ष तास

जोडतास लागतो, साधारण ७० मिनिटं. पहिली १० मिनिटं प्रत्येकाने आपला कागद दोनदा वाचायचा. मग एकच भाग मिळालेली सहा मुलं १५ मिनिटं तज्ज्ञ गटात बसतात, अडलेलं सोडवतात आणि काय सांगायचं ते ठरवतात. वाचनात कच्च्या मुलाला आधार मिळतो तो इथेच, त्यामुळे वेळ कमी पडला तरी हा टप्पा गाळू नका. त्यानंतर कागद गोळा करा, टिपणं राहू द्या. मूळ गटात प्रत्येकाला सांगायला पाच मिनिटं. शेवटी १० प्रश्नांची चाचणी, प्रत्येक भागावर दोन. उरलेला वेळ जागा बदलण्यात जातो.

चाचणीचे गुण ज्याचे त्याला. गटाला सामाईक गुण दिले की गुण गेल्याचं खापर कच्च्या मुलावर फुटतं आणि जुन्या आकसाला नवं निमित्त मिळतं.

बत्तीस मुलं असतील तर दोन गटांत सहावा येईल. एक भाग दोघांत द्या. कोणी गैरहजर असेल तर त्या भागाचा जाणकार दुसऱ्या गटातून पाच मिनिटांसाठी बोलवा.

कुठे बिघडतं

एखादा अडखळतो, बाकीचे खिदळतात. रागावू नका. ‘या भागावर दोन प्रश्न आहेत आणि तुमच्या गटात तो फक्त याच्याकडे आहे, विचारून घ्या,’ एवढंच सांगा आणि पुढे जा. चिडवण्यात तोटा आहे हे कळायला मुलांना दोन-तीन तास लागतात, मग ती नीट प्रश्न विचारू लागतात. हुशार मूल सगळ्यांचं बोलणं हिसकावत असेल तर त्या दिवशी त्याला गटप्रमुख करा. काम एकच, प्रत्येकाची पाळी सांभाळणं. सगळ्यात जास्त घोटाळा मात्र शिक्षकच करतात: गट अडला की उत्तर सांगून टाकतात.

एका तासाने गोंगाटाखेरीज काही हाती लागत नाही. आठवड्यातून दोनदा, निदान सहा आठवडे घ्या, मग गट बदला.

सुरुवातीला आणि सहा आठवड्यांनी प्रत्येकाकडून चिठ्ठीवर तीन नावं गुपचूप लिहून घ्या: सहलीला कोणासोबत जायला आवडेल? दोन्ही वेळच्या चिठ्ठ्या ताडून पाहा आणि लगेच फाडून टाका. ज्या मुलाचं नाव दुसऱ्या वेळीही कोणीच लिहिलं नाही, त्याला पुढच्या फेरीत त्याने स्वतः लिहिलेल्या तिघांपैकी एकाच्या गटात घाला.