रस्त्यात सोलर पॅनल: प्रस्ताव आला तर हिशेब कसा मांडायचा

"रस्ता नाहीतरी दिवसभर उन्हात तापतोच, त्यातच पॅनल बसवले तर?" नगरपालिकेच्या सभेत, सोसायटीच्या बैठकीत किंवा कॉलेजच्या आवारात हा प्रस्ताव कधी ना कधी येतो. त्यातून वीज तयार होते, यात शंका नाही. ती किती होईल, कितीला पडेल आणि किती वर्षं टिकेल हे मात्र ठेकेदाराच्या रंगीत चित्रावरून कळत नाही. ते काढायला जागेवर दोन फेऱ्या, एक टेप आणि कॅल्क्युलेटर पुरतो. उदाहरणासाठी पुण्यातला १०० मीटर लांब आणि २ मीटर रुंद सायकल-पादचारी मार्ग घेऊ. म्हणजे २०० चौरस मीटर.

सावली मोजा

पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सकाळी साडेनऊला सूर्य क्षितिजापासून जेमतेम २९ अंश वर असतो. त्या वेळी कुठल्याही वस्तूची सावली तिच्या उंचीच्या साधारण १.८ पट पडते. १० मीटरचं झाड असेल तर १८ मीटर. मार्गाच्या आजूबाजूची झाडं, विजेचे खांब, कंपाउंडची भिंत, होर्डिंग यांच्या उंची लिहा, १.८ने गुणा आणि नकाशावर आखा. सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेतीन या वेळात जो पट्टा सावलीत जातो, तो हिशेबातून सरळ वगळा.

इथे हात आखडता घेऊ नका, कारण सावलीचं नुकसान तिच्या आकारमानाच्या कितीतरी पट असतं. पॅनलमधल्या सेल एकापाठोपाठ एक जोडलेल्या असतात. एक सेल झाकली की तिच्या ओळीतला प्रवाहच अडतो. नेहमीच्या पॅनलमध्ये तीन बायपास डायोड (अडलेल्या भागाला वळसा घालून प्रवाह पुढे नेणारे भाग) असतात, त्यामुळे निदान बाकीचे भाग चालू राहतात. पण हातरुमालाएवढा कागद एका सेलवर पडला, तरी पॅनलची तिसऱ्या हिश्श्यापर्यंत वीज जाऊ शकते. छतावर पॅनलवर कोणी स्कूटर लावत नाही. रस्त्यावर लावतात, आणि "पाच मिनिटं" म्हणून लावतात.

मग वीज किती?

२०० चौरस मीटरपैकी सगळ्यावर सेल येत नाहीत. कडा, सांधे, चेंबर आणि नाल्या सोडून ७० टक्के धरा: १४० चौरस मीटर. भर उन्हात चौरस मीटरवर साधारण १ किलोवॅट ऊन पडतं; सेलची कार्यक्षमता २० टक्के धरली, तर २८ किलोवॅटची क्षमता होते. पुण्यात सपाट जमिनीवर वर्षाला चौरस मीटरमागे साधारण १,९५० युनिट (किलोवॅट-तास) ऊन पडतं. सगळं आदर्श असतं तर २८ गुणिले १,९५०, म्हणजे ५४,६०० युनिट मिळाली असती.

आता वजावट. जाड, खरखरीत काच प्रकाश अडवते: ०.९०. धूळ, टायरचं रबर आणि काचेची झीज: ०.८८. उष्णता: ०.८५. सावली आणि वर उभी राहणारी माणसं-वाहनं: ०.८५. केबल आणि इन्व्हर्टर: ०.९३. सगळे गुणले की ०.५३ येतं. हाती लागतात सुमारे २९,००० युनिट, म्हणजे चौरस मीटरमागे १४५.

हे आकडे अंदाजाचे आहेत, पण प्रत्यक्षाशी पडताळून पाहता येतात. नेदरलँड्समधल्या क्रोमेनी गावात २०१४ मध्ये ७० मीटरचा सौर सायकल मार्ग झाला. तिथे पडणाऱ्या उन्हाच्या सुमारे ७ टक्के वीज, चौरस मीटरमागे वर्षाला साधारण ७० युनिट, मिळाली. आपल्या उदाहरणातही १,९५० पैकी १४५, म्हणजे ७ टक्क्यांच्या जरा वर येतं. ठेकेदाराच्या कागदावर याच्या दुप्पट आकडा दिसला तर प्रत्येक वजावट वेगळी लिहून मागा.

सपाट पडल्याने होणाऱ्या नुकसानीवर बैठकीत सगळ्यात जास्त चर्चा होते, पण महाराष्ट्रात ते गौण आहे. सूर्य इथे डोक्यावरून जातो, त्यामुळे उतार दिला तरी सात-आठ टक्केच फायदा होतो. आपल्याकडचं खरं दुखणं उष्णता. सेलचं तापमान २५ अंशांच्या वर गेलं की प्रत्येक अंशामागे ०.३५ टक्के उत्पादन घटतं. छतावरच्या पॅनलला खालून वारा लागतो. रस्त्यात पुरलेल्याला लागत नाही. मे महिन्याच्या दुपारी सेल ७० अंशांवर गेली, तर त्या घडीला जवळजवळ १६ टक्के घट होते.

चाकाखाली काय होतं

बाजारातल्या छतावरच्या पॅनलच्या माहितीपत्रकात '५,४०० पास्कल' असा भार लिहिलेला असतो. म्हणजे चौरस मीटरवर साधारण ५५० किलो, सारखा पसरलेला. ट्रकच्या टायरमधला दाब ८ बार, म्हणजे ८ लाख पास्कल, जवळजवळ दीडशेपट. मोटारीच्या टायरचा २.२ बार धरला तरी चाळीसपट. सायकल हलकी असली तरी तिच्या टायरमध्ये हवेचा दाब मोटारीपेक्षा जास्त असतो. एकूण वजन कमी म्हणून काच वाचते एवढंच. तेव्हा छतावरचं पॅनल पेव्हर ब्लॉकच्या पातळीत बसवून वर काच टाकतो, असं कोणी म्हणालं तर चहा पाजून वाटेला लावा. क्रोमेनीला केवळ सायकलींसाठी १ सेंटिमीटर जाडीची टेम्पर्ड काच लागली होती.

काच फुटण्याच्या आधी वरचा थर सुटतो. काच गुळगुळीत, पावसात घसरडी; म्हणून तिच्यावर रेझिन आणि खडबडीत कण यांचा थर देतात. काच एका मीटरला ५० अंशांच्या फरकाने अर्धा मिलिमीटरही वाढत नाही. रेझिन मोकळं ठेवलं तर तेवढ्याच फरकाने तीनेक मिलिमीटर वाढतं. दिवसा ताणलं, रात्री आखडलं, असं वर्षभर चाललं की कडेपासून पापुद्रा सुटतो. क्रोमेनीत पहिल्याच हिवाळ्यात थराचा काही भाग निघाला होता. म्हणून नमुना मागवा, पाण्याने ओला करा आणि पेंडुलम टेस्टरने (झुलत्या रबराने पृष्ठभागाची पकड मोजणारं यंत्र) घसरण तपासून घ्या. चालण्याच्या ओल्या जागेवर ३६च्या खाली आकडा आला तर नमुना परत. हीच चाचणी एका पावसाळ्यानंतर पुन्हा करण्याची अट करारातच घाला. नवे नमुने सगळेच पास होतात.

फ्रान्समधल्या नॉर्मंडीत, तूरूव्र-ओ-पेर्श इथे, हा सगळा प्रकार मोठ्या रस्त्यावर झाला. डिसेंबर २०१६ मध्ये १ किलोमीटर, २,८०० चौरस मीटर, खर्च ५० लाख युरो. म्हणजे चौरस मीटरला सुमारे १,८०० युरो. २०१७ मध्ये सुमारे १ लाख ४९ हजार युनिट वीज मिळाली, २०१८ मध्ये ७८ हजारांवर आली. ट्रॅक्टरची चाकं, झाडांची पानं, सुटलेले सांधे अशी कारणं होती. आवाज इतका होता की वेगमर्यादा ताशी ७० किलोमीटरवर आणावी लागली. चीनमधल्या जिनान इथे डिसेंबर २०१७ मध्ये महामार्गावर असाच पट्टा झाला, आणि आठवड्याच्या आत एक पॅनल चोरीला गेलं. जिथे चेंबरची लोखंडी झाकणं टिकत नाहीत तिथल्या लोकांनी हे विशेष लक्षात घ्यावं.

तरीही नमुना करायचा असेल तर

करा, पण १० चौरस मीटरचा, पादचारी जागेवर, जिथे पाण्याची, गॅसची किंवा फायबरची लाइन खालून जात नाही तिथे. खोदकाम आलं की आधी पॅनल फुटतात, मग परवानगीचा शोध लागतो.

खाली डांबर नको. ते उन्हात मऊ पडतं, चाकाखाली दबतं आणि पॅनल वाकलं की सेलमध्ये केसाएवढ्या भेगा पडतात. दाबून घट्ट केलेल्या खडीवर १५० मिलिमीटर काँक्रीट टाका. आडवा उतार २ टक्के द्या: २ मीटर रुंदीला ४० मिलिमीटर. उतार चुकला तर पाणी साचून गाळ बसतो, आणि चिखलाच्या थराखाली पॅनल असलं काय नि नसलं काय. तुकडे लहान ठेवा, प्रत्येकाला स्वतःचा बायपास डायोड, आणि मधला ८-१० मिलिमीटरचा सांधा पॉलियुरेथेन सीलंटने भरा. एखादा तुकडा निकामी झाला तर तेवढाच काढता आला पाहिजे.

वायरिंगमध्ये लोक हमखास फसतात. माणसं चालतात, पाणी साचतं, म्हणून व्होल्टेज ६० व्होल्ट डीसीच्या खाली ठेवायचं, हे बरोबर. पण व्होल्टेज कमी केलं की प्रवाह वाढतो. १ किलोवॅट ४८ व्होल्टवर न्यायला सुमारे २१ अँपिअर लागतात. ४ चौरस मिलिमीटरच्या नेहमीच्या सोलर केबलने ३० मीटर अंतरावर नेलं, तर जाऊन-येऊन ६० मीटरमध्ये सव्वासहा व्होल्ट पडतात. म्हणजे १३ टक्के वीज केबल तापवण्यात गेली. तेच १६ चौरस मिलिमीटरने नेलं तर दीड व्होल्ट. म्हणून जाड केबल घ्या किंवा कन्व्हर्टर जवळ, खांबावर बसवा. कनेक्टर जमिनीखाली कधीही ठेवू नका, त्यावर 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं असलं तरी. ते पावसाच्या सरींसाठी ठीक. चार महिने पाण्यात बुडून राहिल्यावर आत हिरवट गंज दिसतो. सगळे जोड कडेच्या, पुराच्या पातळीवरच्या पेटीत आणा. मे अखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये २५० व्होल्टच्या मेगरने (वीज कुठे झिरपते का ते मोजणारं यंत्र) इन्सुलेशन तपासा. अर्धा मेगाओहमच्या खाली आलं तर तो भाग लगेच बंद करा.

त्याच जागेवर, पण वर

आता तोच २०० चौरस मीटरचा मार्ग घ्या आणि त्यावर छप्पर टाका. ५५० वॅटची ७० पॅनल बसतात, ३८.५ किलोवॅट. किलोवॅटमागे वर्षाला १,४०० युनिट धरली तर ५३,९०० युनिट. पुरलेल्या पॅनलच्या जवळजवळ दुप्पट, बाजारात सहज मिळणाऱ्या मालातून, आणि खाली सायकलवाल्याला सावली. हैदराबादच्या बाह्यवळण रस्त्यालगत २३ किलोमीटरच्या सायकल मार्गावर २०२३ मध्ये १६ मेगावॅटचं असं छप्पर झालं. गुजरातमध्ये चंद्रासण गावाजवळ २०१२ पासून नर्मदेच्या शाखा कालव्यावर १ मेगावॅट उभं आहे.

इथे शत्रू वारा. पॅनल आणि पट्ट्या मिळून चौरस मीटरला जेमतेम १५-२० किलो वजन भरतं. वाऱ्याचा मूळ वेग आयएस ८७५ या भारतीय मानकानुसार पुण्यात सेकंदाला ३९ मीटर, मुंबईत ४४. दाब काढायला वेगाचा वर्ग ०.६ने गुणायचा; उत्तर पास्कलमध्ये येतं, ते ९.८ने भागलं की किलो. मुंबईत तो चौरस मीटरला सुमारे ११८ किलो, पुण्यात ९३. आकार, उतार आणि उंचीनुसार त्यात बदल होतो, पण छप्पर खाली कोसळण्यापेक्षा वर उचललं जाण्याची भीती जास्त, हे एवढ्यावरूनच कळतं. म्हणून खांबाची जाडी विचारण्याआधी पायाचं वजन विचारा. पुण्यात चार खांबांवर २० चौरस मीटरचं छप्पर असेल आणि उचलणारा दाब पूर्ण ९३ किलो धरला, तर एकूण ओढ १,८६० किलो. त्यातून छपराचं ३५० किलो वजा केलं, की प्रत्येक पायावर ३७५ किलोच्या वर उचल येते. दीडपट सुरक्षितता धरून ५६५ किलो. काँक्रीट घनमीटरला २,४०० किलो, म्हणजे पाऊण मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि निदान ४५ सेंटिमीटर खोल पाया हवा. कोटेशनमध्ये '३० सेंटिमीटर खड्डा, अँकर बोल्ट' एवढंच लिहिलेलं असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीचा हिशेब आल्याशिवाय पहिला हप्ता देऊ नका.