नव्या वर्षासाठी एकच शब्द निवडताना

३१ डिसेंबरच्या रात्री उपासनेला जाण्याआधी वर्षभर मनात धरायचा शब्द घाईघाईने ठरवू नका. आठवडाभर आधी रोज बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं एक स्तोत्र वाचा आणि जिथे मन अडखळतं, तिथे पेन्सिलने बारीक खूण करा. आठवड्याच्या शेवटी खुणा पाहिल्या की एखादा शब्द पुन्हा पुन्हा समोर आलेला दिसतो. तोच घ्या.

'आशीर्वाद', 'यश' असे गोड शब्द मी टाळते. ते देवाने काय द्यावं हे सांगतात, मी काय करावं हे नाही. 'क्षमा', 'प्रतीक्षा', 'ऐकणे' असा शब्द घेतला की रोजचं काहीतरी करावंच लागतं. मी एका वर्षी 'प्रतीक्षा' घेतला होता, स्तोत्र २७ मधला. १४व्या वचनात तो दोनदा येतो, आणि मधे हिंमत धरायला सांगितलं आहे. म्हणजे ही वाट पाहणं हातावर हात ठेवून बसणं नव्हे! म्हणून नुसतं वचन नको, अख्खं स्तोत्र वाचा.

शब्द कागदावर लिहून हात रोज जातो तिथे चिकटवा. माझा चहाच्या डब्याच्या झाकणावर होता, मार्चपर्यंत वाफेने शाई फुटली, मग पुन्हा लिहिला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या शब्दाखाली एक ओळ लिहा: या महिन्यात तो कुठे पाळला, कुठे नाही. एखाद्या महिन्यात काहीच सुचलं नाही, तर तारीख टाकून जागा कोरी ठेवा.