स्वतःचा ट्रक चालवताना: भाडं ठरवण्याआधीचा हिशेब

भाड्यातून डिझेल आणि टोल वजा केला की उरलेली सगळी रक्कम कमाई, असं धरून गाडी चालवली तर टायर बदलायची वेळ आली की उसनवारी करावी लागते. खेप परवडते का, हे ठरवायला दोन आकडे हाताशी हवेत. गाडी एक किलोमीटर चालली की किती जातं, आणि एक दिवस नुसती उभी राहिली तरी किती जातं.

किलोमीटरच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा डिझेलचा. टाकी काठोकाठ भरा, मीटरचं रीडिंग लिहा. खेप संपली की पुन्हा काठोकाठ भरा. चाललेल्या किलोमीटरला बसलेल्या लिटरने भागलं की खरं अ‍ॅव्हरेज मिळतं. डॅशबोर्डवरच्या काट्यावर अंदाज बांधू नका. भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचं अ‍ॅव्हरेज वेगवेगळं काढा, कारण हिशेब चुकतो तो इथेच.

समजा माल ९०० किलोमीटरवर पोचवायचा आहे. भरलेली गाडी लिटरला ३.६ किलोमीटर देते, म्हणजे २५० लिटर. परतीचा माल मिळाला नाही, तर रिकामी गाडी लिटरला ६ च्या हिशेबाने आणखी १५० लिटर पिते. खेप ९०० ची नाही, १,८०० किलोमीटरची आहे आणि डिझेल ४०० लिटर. भाड्याला नेहमी या १,८०० ने भागा. परतीचं भाडं हातात पक्कं नसेल तर ते शून्य धरा. डीईएफ (धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरायचं युरियाचं द्रावण) लागणारी गाडी असेल तर डिझेलच्या ४ टक्के, म्हणजे इथे १६ लिटर, तेही लिहा. रांगेत इंजिन चालू ठेवून उभं राहिलात तर अवजड गाडी तासाला ३ लिटरच्या आसपास जाळते. सहा तास म्हणजे १८ लिटर, आणि गाडी जागची हललेलीसुद्धा नाही.

टायरचे पैसे एकदम जातात म्हणून ते रोजच्या हिशेबातून निसटतात. संपूर्ण सेटच्या किमतीला त्याच्या आयुष्याच्या किलोमीटरने भागा. सेट ६०,००० किलोमीटर टिकतो आणि महिन्याला ८,००० चालता, तर साडेसात महिन्यांनी सेट बदलायचाच आहे. तेवढी रक्कम तोवर खेपेगणिक बाजूला पडली पाहिजे. हवा कमी असेल तर टायर कडेने झिजतो, तापतो आणि डिझेलही जास्त जातं, म्हणून आयुष्य कंपनी सांगते ते न धरता तुमच्या मागच्या सेटचं धरा. ऑइल, फिल्टर, ब्रेक लायनर, क्लच यांचंही असंच.

उभ्या गाडीचा खर्च म्हणजे हप्ता, विमा, कर, परवाने, पार्किंग. वर्षाची बेरीज करा आणि ज्या दिवसांत गाडी खरोखर खेपेवर असते तेवढ्यांनी भागा. ३०० दिवस धरले आणि प्रत्यक्षात २४० च भरले, तर रोजचा बोजा २५ टक्क्यांनी वाढतो. वरची खेप भरणं-उतरवणं धरून ५ दिवसांची असेल तर ५ दिवसांचा बोजा तिच्यावर टाका. हप्ते फिटले म्हणून हा रकाना रिकामा सोडू नका. तीच रक्कम पुढच्या गाडीसाठी साठवा.

तुमचा पगार हा खर्चच आहे. पगारी ड्रायव्हर ठेवला असता तर या खेपेला त्याला जे दिलं असतं, ते लिहा. त्यानंतर जे उरेल तो नफा.

आता जमेची बाजू. बोललेलं भाडं आणि हातात पडणारं भाडं यांत दलाली, हमाली, उतरवताना माल कमी निघाल्याची कपात असते. ती मागच्या दहा खेपांच्या कागदांवरून काढा. गाडी खाली व्हायला उशीर झाला तर दिवसाला किती मिळणार, हे माल भरण्याआधी लेखी घ्या. गाडी पोचल्यावर या मागणीत जोर राहत नाही.

शेवटी उधारी. पैसे ४५ दिवसांनी मिळत असतील आणि खेप ५ दिवसांची असेल, तर पहिल्या बिलाचे पैसे येईपर्यंत ९ खेपा होतात. म्हणजे ३,६०० लिटर डिझेल तुमच्या खिशातून. निदान डिझेल-टोलपुरता अ‍ॅडव्हान्स मिळत नसेल आणि एवढी रोकड हाताशी नसेल, तर कागदावर नफ्याची दिसणारी खेपही घेऊ नका.